पहिल्या ट्रेकची तयारी: आधी परतीची वेळ ठरवा

मुंबईहून पहिल्यांदाच गडावर निघणाऱ्याने सॅक भरण्याआधी एक वेळ कागदावर लिहून ठेवावी: माथा गाठलेला असो वा नसो, किती वाजता मागे फिरायचे. परतीची लोकल, तिच्यासाठी स्टेशन गाठायला लागणारा वेळ आणि उतरायला लागणारा वेळ असा उलटा हिशेब मांडत गेले की ती वेळ सापडते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण झाडीतल्या वाटेवर त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येते. म्हणून नवख्याने दुपारी १ नंतर वर चढत राहणे मला मुळीच मान्य नाही.

सुरुवातीला पनवेलजवळचा कर्नाळा घ्यावा आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण पावसाळ्यात शेवाळलेला कातळ आणि अचानक फुगणारे ओढे सरावलेल्यांनाही दगा देतात. तिथल्या सुळक्यावर चढण्याचा मोह टाळावा. कड्याकपारीला मधमाश्यांची पोळी असतात, त्यामुळे अत्तर लावू नये आणि धूर करू नये.

बुटांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. वर्षभर कपाटात पडलेल्या बुटाचा तळवा वरून धडधाकट दिसतो आणि गडाच्या मध्यावर चवड्यापाशी उकलतो, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवून कडेचा गोंद तपासावा. मग तेच बूट घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, इमारतीचे जिने चढावेत आणि विशेषतः उतरावेत. उतारावरच्या घसाऱ्यात, म्हणजे सुट्या माती-खड्यांत, पाय सटकतो तो बहुधा थकलेल्या गुडघ्यांमुळे.

माणशी किमान ३ लिटर पाणी, ओआरएस, दशम्या, गूळ-शेंगदाणे, शिट्टी आणि मोबाइलवर विसंबावे लागू नये म्हणून वेगळी विजेरी घ्यावी.

मळलेल्या वाटेला ढोरवाटा, म्हणजे गुरांच्या ये-जा करण्याने पडलेल्या वाटा, फुटतात आणि माणूस चुकतो तो बहुतेक तिथेच. बराच वेळ खूण दिसली नाही तर पुढे रेटू नये. शेवटच्या ओळखीच्या जागी परतावे. पायथ्याच्या गावकऱ्यांना वाट विचारण्यात कमीपणा नाही, आणि त्यांनी आज जाऊ नका म्हटले तर जाऊ नये.

गडाचे नाव, सोबत्यांचे नंबर आणि ठरलेली परतीची वेळ घरच्या एकाकडे लिहून द्यावी. त्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही, तर ११२ वर फोन करायचा, हेही त्यांना निघतानाच सांगून ठेवावे.