वायफाय कॉलिंग: इंटरनेटचा वेग भरपूर, तरी आवाज तुटतो? या चुका टाळा

आईच्या खोलीत टॉवरची रेंज जवळजवळ येतच नाही. म्हणून तिच्या फोनवर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून साधा कॉल करायची सोय, चालू करून दिलं. दुपारी आवाज स्वच्छ यायचा, आणि संध्याकाळी तेच बोलणं अर्ध्या अर्ध्या शब्दांत ऐकू यायचं. मी सगळ्यात आधी इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतला. काहीच फरक पडला नाही. खरं कारण सापडायला बरेच दिवस गेले, आणि तेवढे दिवस तिच्याशी धड बोलता आलं नाही याची मला अजूनही चुटपुट आहे. ते कारण पुढे येईलच.

मोठा प्लॅन घेणं हीच पहिली आणि सगळ्यात जास्त केली जाणारी चूक. एका कॉलला जायला आणि यायला प्रत्येकी १०० केबीपीएससुद्धा पुरेसे होतात. मिनिटाला साधारण एक एमबी डेटा लागतो. वेगापेक्षा कॉलला नियमितपणा हवा असतो. फोन आपल्या आवाजाचे तुकडे करून दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं पाठवत असतो. व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये दोन सेकंद नेट अडलं तरी आपल्याला कळत नाही. बोलणं असं साठवून ठेवता येत नाही. उशिरा आलेलं पॅकेट फोन टाकून देतो, आणि त्या जागी आपल्याला तुटलेला शब्द ऐकू येतो. स्पीड टेस्टचा आकडा कितीही मोठा असला, तरी हे तो सांगत नाही.

बटण चालू आहे, पण सेवा चालू आहे का?

सेटिंगमधलं बटण हिरवं झालं म्हणजे कॉल वायफायवरून जायला लागले, असं नसतं. हे तपासायचा खात्रीचा मार्ग एकच: फोन एअरोप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय पुन्हा चालू करा आणि अर्धा मिनिट थांबा. कंपनीच्या नावाशेजारी ‘वायफाय कॉलिंग’ किंवा ‘व्होवायफाय’ असं काही दिसलं आणि साधा कॉल लागला, तर फोनची या सेवेसाठी कंपनीकडे नोंदणी झालेली आहे. नाही लागला, तर आवाजाचा विचार नंतर. आधी नोंदणी का होत नाही ते बघायचं.

ही तपासणी व्हॉट्सॲप कॉल लावून करू नका. ॲपवरचा कॉल लागला तर एवढंच कळतं की नेट चालू आहे. वायफाय कॉलिंगचा रस्ता वेगळा आहे. फोन तुमच्या मोबाईल कंपनीच्या दारापर्यंत एक बंदिस्त, सांकेतिक बोगदा तयार करतो, सिममधल्या ओळखीवर आत शिरतो आणि तिथून पुढे तो नेहमीसारखाच कॉल असतो: तोच नंबर, आणि समोरच्याकडे साधा फोन असला तरी चालतं. हा बोगदाच तयार झाला नाही, तर ॲप कितीही छान चालू देत, उपयोग नाही.

नोंदणी अडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. दोन सिम असतील तर प्रत्येकाचं बटण वेगळं असतं आणि एकाचंच चालू केलेलं असतं. सिम बदललं की सेटिंग पुन्हा मूळ जागी जाऊ शकतं. फोनमध्ये ही सोय असली, तरी त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कंपनीची जुळणी नसेल तर बटणच दिसत नाही. दुसऱ्या बाजारासाठी बनवलेल्या फोनांत हे बऱ्याचदा होतं. काही कंपन्या आपत्कालीन पत्ता भरून घेतल्याशिवाय सेवा सुरू करत नाहीत. सॉफ्टवेअर अपडेट, फोन बंद करून चालू, बटण बंद करून पुन्हा चालू, एवढं तरी करूनच पुढे जा.

एका वायफायवर लागतो, दुसऱ्यावर नाही

ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर सगळ्या वेबसाइट उघडतात, पण कॉल मात्र लागत नाही. लोक फोनला दोष देतात. दोष बहुधा त्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, असतो. इंटरनेटवरची ये-जा पोर्टांमधून, म्हणजे क्रमांक दिलेल्या खिडक्यांमधून, होते. वेबसाइटांची बहुतेक ये-जा पोर्ट ४४३ वरून होते. कॉलिंगचा बोगदा यूडीपी नावाच्या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून जातो. पाहुण्यांसाठीच्या जाळ्यात बऱ्याच ठिकाणी हे दोन्ही बंद ठेवलेले असतात. आणि जिथे आधी लॉगिनचं पान येतं, तिथे ते भरेपर्यंत काहीच बाहेर जात नाही, वायफायचं चिन्ह पूर्ण दिसत असलं तरी.

तासन्‌तास वाचवणारी एक चाचणी सांगतो. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा, आपला फोन त्याला जोडा आणि वरची एअरोप्लेन मोडची परीक्षा पुन्हा घ्या. हॉटस्पॉटवर कॉल लागला, तर फोन, सिम आणि कंपनी ठीक आहेत. बिघाड आधीच्या वायफायमध्ये आहे. सेटिंगांत काहीही बदलण्याआधी ही चाचणी करावी, असा माझा आग्रहच आहे.

घरच्या राउटरवर दोन सल्ले सगळीकडे दिले जातात आणि वायफाय कॉलिंगसाठी दोन्ही बिनकामाचे आहेत. पहिला, ‘एसआयपी एएलजी’, म्हणजे इंटरनेट फोनच्या पॅकेटांत राउटरने फेरफार करण्याचं सेटिंग, बंद करा. ते सेटिंग वेगळ्या इंटरनेट फोनांना त्रास देतं हे खरं, पण आपला कॉल सांकेतिक बोगद्यातून जात असल्यामुळे राउटरला त्याच्या आतलं काही दिसतच नाही, मग तो त्यात ढवळाढवळ काय करणार? दुसरा, ५०० आणि ४५०० पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्यासाठी उघडा. बोगदा फोन स्वतः आतून बाहेर उघडतो. बाहेरून कोणाला आत घ्यायचं नसतं. हे पोर्ट बाहेर जाण्यासाठी मोकळे असले की झालं. ‘आयपीसेक पासथ्रू’ (असे बोगदे जाऊ देणारं सेटिंग) असं काही दिसलं, तर ते मात्र चालू ठेवा.

व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) आणि जाहिराती अडवणारं डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा), दोन्ही चाचणीपुरते बंद करा. कंपनीचं दार फोन नावावरून शोधतो आणि ते नाव ‘थ्रीजीपीपीनेटवर्क डॉट ओआरजी’ असं संपतं. तुमच्या गाळणीला ते नाव अनोळखी वाटलं, तर दार सापडणारच नाही. राउटरवरच व्हीपीएन असेल तर कंपनीला तुम्ही दुसऱ्याच देशातून आलेले दिसता, आणि काही कंपन्या अशा वेळी नकार देतात.

बाहेर कॉल जातो, आत येत नाही

हा दोष फसवा आहे, कारण स्वतः फोन करून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. बोगद्याची नोंद राउटर थोडा वेळच लक्षात ठेवतो. ती पुसली जाऊ नये म्हणून फोन मधूनमधून एक छोटंसं पॅकेट पाठवत राहतो. बॅटरी सेव्हरने फोनला गाढ झोपवलं, किंवा राउटर फारच विसराळू असला, की ती नोंद जाते आणि बाहेरून येणाऱ्या कॉलला रस्ता उरत नाही. बॅटरी सेव्हर बंद करा. स्क्रीन बंद झाल्यावर वायफाय सोडून देण्याचं सेटिंग जुन्या फोनांत असतं, तेही पाहा. मग फोन तासभर बाजूला ठेवून दुसऱ्या नंबरवरून कॉल करा. लगेच केलेली चाचणी इथे खोटा दिलासा देते.

आवाज तुटतो तेव्हा

आधी एक प्रश्न: कोणाला कोणाचा आवाज तुटून येतो? समोरच्याला तुमचा आवाज तुटत असेल, तर तुमच्याकडून बाहेर जाणारा रस्ता, म्हणजे अपलोड, अडलेला असण्याची शक्यता मोठी. तुम्हाला त्यांचा तुटत असेल तर तुमचं डाउनलोड किंवा त्यांचंच नेटवर्क. हे न विचारता लोक राउटर बदलतात.

आईच्या कॉलचं कारण अपलोडमध्येच निघालं. संध्याकाळी घरातले सगळे परत आले की प्रत्येकाचा फोन वायफायला जोडला जाई आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ आपोआप बॅकअपला जाऊ लागत. अपलोडचा रस्ता तुडुंब भरला की राउटर पॅकेटं टाकून न देता रांगेत उभी करतो. कॉलचं इवलंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी. इंटरनेटवर रेकॉर्डिंग साठवणारे कॅमेरेही हेच करतात.

हे ओळखायचं कसं? घर शांत असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, पाहा, आणि एखादी मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा पाहा. २० मिलिसेकंदांचं पिंग ४०० वर गेलं, तर चोर सापडला. आरामात बोलता यावं यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. उपाय राउटरमध्येच असतो: ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ (रांग आवरणारी सेटिंगं) चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवायची. इथे एक खाचखळगा आहे. ‘व्हॉइस’ किंवा ‘एसआयपी’ला प्राधान्य द्या असा नियम लावून फायदा होत नाही, कारण बोगद्यातला आवाज राउटरला ओळखू येत नाही. प्राधान्य त्या फोनला द्या. राउटर साधा असेल आणि यातलं काहीच नसेल, तर सगळ्यांचे बॅकअप रात्री उशिरावर टाका. आमच्याकडे तेवढ्यानेच काम झालं.

दुसरं मोठं कारण हवेतलं. फोनवर वायफायची पूर्ण रेंज दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ती रेंज राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढंच सांगते. फोनचा स्वतःचा ट्रान्समीटर राउटरपेक्षा बहुतेक वेळा कमजोर असतो. दोन भिंतींपलीकडे फोनला राउटर ऐकू येतो, पण राउटरला फोन नीट ऐकू येत नाही. मग समोरचा म्हणतो, ‘तुझा आवाज येत नाही’, आणि आपल्याला मात्र त्याचा प्रत्येक शब्द स्पष्ट येत असतो.

शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरा; तो भिंती कमी भेदतो, पण तिथे गर्दी कमी असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावरच राहावं लागलं तर १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा चॅनेल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झवर ठेवा. ब्लूटूथचे इअरबड्‌स याच २.४ च्या पट्ट्यात चालतात, म्हणून एक कॉल त्यांच्याशिवाय करून बघा. रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, लावायचा तर रेंज नसलेल्या खोलीत नको, अर्ध्या वाटेवर हवा, जिथे त्याला स्वतःला राउटर नीट ऐकू येतो. एकाच रेडिओचा रिपीटर तेच पॅकेट ऐकून पुन्हा पाठवतो, त्यामुळे हवेतला वेळ दुप्पट जातो. वायर टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) बसवणं कटकटीचं असतं, पण कॉलसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

दाराबाहेर पाऊल टाकलं की कॉल कट

वायफाय सुटलं की कॉल व्होल्टेवर, म्हणजे ४जीवरच्या कॉलिंगवर, न तुटता जाऊ शकतो. त्यासाठी व्होल्टे चालू हवं आणि बाहेर ४जी हवं. टू-जीवर किंवा थ्री-जीवर वायफायचा कॉल सहसा सरकत नाही, तो तुटतो. ‘वायफायला प्राधान्य’ की ‘मोबाईल नेटवर्कला प्राधान्य’ हे सेटिंग असेल तर घर बघून ठरवा. टॉवर ठीक असेल तर मोबाईलला प्राधान्य द्या, म्हणजे फोन फाटकापर्यंत मरतुकड्या वायफायला धरून बसणार नाही. रेंज सारखी येते-जाते अशा घरात वायफायला.

परदेशात वायफायवरून घरी केलेल्या कॉलचा दर कंपनीनुसार बदलतो, आणि तिथल्याच स्थानिक नंबरला केलेला कॉल आंतरराष्ट्रीय धरला जाऊ शकतो. निघण्याआधी विचारून घ्या.

आपत्कालीन कॉल

ही बाजू लोक विसरतात, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वायफायवरून केलेल्या आपत्कालीन कॉलमध्ये तुमचं ठिकाण टॉवरवरून कळतं तसं कळेलच असं नाही. काही कंपन्या तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावर अवलंबून राहतात. घर बदललं की तो पत्ता त्याच दिवशी बदला. आणि वीज गेली की राउटर बंद, फायबरचा डबा बंद, म्हणजे फोनही बंद. ज्या घरात वायफाय हाच एकमेव आधार आहे, तिथे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. एकच ठेवला तर उपयोग नाही.

एवढं करूनही हॉटस्पॉटवरच नोंदणी होत नसेल, तर कस्टमर केअरला ‘कॉल लागत नाही’ असं सांगू नका. ‘एअरोप्लेन मोड आणि वायफायवर नोंदणी होत नाही, दोन वेगवेगळ्या इंटरनेटवर करून पाहिलं, याच फोनमध्ये दुसरं सिम चालतं’ असं सांगा, आणि नंबरवर व्होवायफाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगा. ‘दुसरं सिम चालतं’ असं म्हणण्याआधी ते खरंच घालून पाहिलेलं असू द्या.