डबल बेल देण्याआधी

तिकिटाची मशीन पंधरा दिवसांत हातात बसते. टप्पे, सवलती, वेबिल म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, रोकड भरणं हेही महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. अडलं तर जुनी मंडळी सांगतात. दरवाजाचं काम मात्र कोणी बसवून शिकवत नाही. ते आपण चुकत चुकत शिकतो आणि त्या चुकीची किंमत प्रवासी देतो. मी यवतमाळ जिल्ह्यात बारा वर्षं एसटीची वाहक आहे. घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव या भागातल्या खेड्यांच्या फेऱ्या केल्यात. नव्याने बॅज लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. नोकरीचा दुसरा महिना होता. बाजाराचा दिवस, गाडी खचाखच आणि आम्ही वीस मिनिटं लेट. एका फाट्यावर चार-पाच जण उतरले, सगळ्यात शेवटी एक आजी. मी दोन सीट मागे तिकिटं देत होते. मान वळवली तर आजींचं डोकं दारातून खाली गेलेलं दिसलं. उतरल्या असं धरून मी डबल बेल, म्हणजे गाडी सोडायची खूण, दिली. त्यांचा एकच पाय जमिनीवर होता. थैलीचा बंद मनगटाला गुंडाळलेला आणि थैली दाराच्या दांडीत अडकलेली. गाडी सुटली तशा त्या दोन-तीन पावलं ओढल्या गेल्या आणि पडल्या. खिडकीतल्या बाया ओरडल्या म्हणून ड्रायव्हरभाऊंनी ब्रेक मारला. मनगट मोडलं, कोपर सोलला. मागचं चाक त्यांच्यापासून हातभर लांब होतं. "काहून घाई केली वं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी त्यांचा दुसरा हात धरून बसले होते.

तेव्हापासून मी उतरणाऱ्याचं डोकं पाहत नाही, पाय पाहते. दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही हात दांडीवरून सुटलेले, पदर-ओढणी-थैली कशातही अडकलेली नाही आणि माणूस गाडीपासून एक पाऊल लांब. हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मगच बेल. "उतरले सारे, जाऊ द्या" असं आतून कोणीतरी सांगतंच, पण त्याच्या शब्दावर बेल द्यायची नाही. थांबा जवळ आला की तिकिटं देणं थांबवा आणि दाराशी या. गाडी उशिरा पोहोचली तर कारण लिहून देता येतं.

उतरणारा घसरला तर तो कुठे जातो, हे एकदा डोक्यात पक्कं बसवा. पुढचं चाक ड्रायव्हरच्या अंदाजात असतं, मागच्या चाकाजवळ काय चाललंय ते त्याला आरशातूनच दिसतं आणि गर्दीत तेही धड दिसत नाही. दाराजवळ पडलेला माणूस मागच्या चाकाच्याच वाटेत असतो. शिवाय वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेने जात नाही, आतल्या बाजूने कापून जातं. तालुक्याच्या स्टँडवर गाडी डावीकडे आत वळते, त्याच वेळी जागा धरायला पोरं डाव्या बाजूने पळत येतात, कोणी खिडकीतून रुमाल टाकतं, कोणी दांडी पकडतं. पूर्ण दिवसातली सगळ्यात धोक्याची मिनिटं मला हीच वाटतात. अशा वेळी मी दारात आडवी उभी राहते आणि गाडी जागेवर लागेपर्यंत कोणाला चढू देत नाही. शिव्या ऐकाव्या लागतात, त्या ऐकून घ्या. आधी उतरणारे, मग चढणारे, हा क्रम रोज सांगावा लागतो, तरी सांगत राहा.

चालत्या गाडीतून उतरणाऱ्यांमध्ये तरुण पोरं जास्त. त्यांना वाटतं गाडी हळू झाली म्हणजे थांबलीच. पाय जमिनीला टेकला की तो तिथेच अडतो, पण अंगात गाडीचा वेग असतोच, म्हणून माणूस पुढे फेकला जातो. कॉलेजच्या दहाच्या फेरीला पायरीवर लटकणारेही तेच. त्यांना कायदा सांगा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ प्रमाणे पायरीवर किंवा टपावर प्रवासी नेता येत नाही, आणि त्याची जबाबदारी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही येते. मी पोरांना कायद्यापेक्षा एक वाक्य जास्त सांगते: "तुझ्या मायले मी काय सांगू?" बहुतेक जण आत सरकतात.

आता आपल्या भागाच्या खास गोष्टी, ज्या कुठल्याच प्रशिक्षणात मला सापडल्या नाहीत.

पावसाळ्यात वावरातून थेट गाडीत येणाऱ्या माणसाच्या चपलेला काळ्या मातीचा थर असतो. तीन-चार जण चढले की पायरी साबण लावल्यासारखी होते. मी सीटखाली पोत्याचा तुकडा ठेवते आणि दर दोन-तीन थांब्यांनी पायरी पुसते. जुने वाहक हसले होते, आता त्यांच्यातले दोघे तसंच करतात. उन्हाळ्यात याच्या उलट. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की दाराची लोखंडी दांडी हाताला चटका देते, लोक ती धरतच नाहीत किंवा दुपट्ट्याचं टोक धरून चढतात आणि पकड सुटते. म्हातारं माणूस असेल तर दंडाला धरून वर घ्या. मनगट ओढू नका, ते सुटतं किंवा मुरगळतं. कापसाच्या दिवसांत बाया डोक्यावर गाठोडं घेऊन चढतात, त्यांना पायरी दिसत नाही. गाठोडं आधी आत घ्या, मग बाईला.

प्रवासी बदललेत हेही लक्षात घ्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. एरवी घरी बसून राहिली असती अशी म्हातारी माणसं आता दवाखान्याला, लेकीकडे, बाजाराला निघतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण गुडघे धरलेल्या माणसाला एसटीच्या पायरीची उंची म्हणजे डोंगरच. त्यात डांबराच्या कडेची साइडपट्टी वीतभर खचलेली असेल तर खालचा पाय हवेतच राहतो. ड्रायव्हरभाऊंना म्हणा, दोन हात पुढे घ्या, जिथे कड सपाट आहे तिथे दार येऊ द्या. नालीवर, रपट्यावर, वळणावर गाडी थांबवायची नाही, कोणी कितीही हात दाखवो.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते उतरल्यानंतरचं, आणि ते मला कोलकात्यात कळलं. गंगासागरच्या यात्रेला सासूबाईंना घेऊन गेले होते, तेव्हा पहिल्यांदा ट्राम पाहिली. तिथे १८७३ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०२ पासून विजेची. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतरणारा माणूस फुटपाथवर नाही तर थेट गाड्यांच्या गर्दीत पाय ठेवतो. एका थांब्यावर कंडक्टरने आधी स्वतः वाकून मागे पाहिलं, येणाऱ्या टॅक्सीला हात दाखवला आणि मग एका बाईला उतरू दिलं. सासूबाई पुढे निघाल्या, मी तिथेच उभी राहून आणखी दोन ट्रामा पाहिल्या. घरी आल्यावर शोधून वाचलं. मुंबईतली ट्राम १९६४ सालीच बंद झाली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात अजून भरपूर ट्राम आहेत आणि जिथे उतारू थेट रस्त्यावर उतरतात त्या थांब्यांवर मागच्या गाड्यांनी थांबावंच लागतं, तसा नियमच आहे.

आपल्याकडे ट्राम नाही. पण फाट्यावर ड्रायव्हरने गाडी पूर्ण कडेला न घेता डांबरावरच थांबवली, आणि गाडी व कड यांच्यामध्ये माणूसभर जागा राहिली, की आपली एसटी ट्रामच होते. त्या फटीतून मोटारसायकल येते. आमच्या गाडीतून उतरणाऱ्या एका मास्तरांना अशीच धडक बसली. हाड मोडलं नाही, पण त्या फटीची भीती मला कायमची बसली. म्हणून एक तर गाडी इतकी कडेला घ्यायला लावा की फटच राहणार नाही, किंवा आधी डोकं बाहेर काढून मागे बघा, हात दाखवा, मग दार मोकळं करा. ड्रायव्हर नवीन असेल तर फेरी सुरू होण्याआधीच हे बोलून घ्या. आमच्या जोडीत आणखी एक ठरलेलं आहे: सलग घंटी वाजली की विचारायचं नाही, जिथे आहे तिथे थांबायचं.

दुसरा धोका गाडीच्या तोंडासमोरचा. उतरलेली बाई किंवा शाळेची पोर लगेच बसच्या पुढून रस्ता ओलांडते. तिला मागून ओव्हरटेक करणारी गाडी दिसत नाही आणि त्या गाडीवाल्याला ती. मधली आडभिंत आपणच उभी केलेली असते. पांढरकवड्याकडे चौपदरी रस्ता झाल्यापासून तर मागून येणाऱ्यांचा वेग अंगावर येतो. प्रत्येक फाट्यावर मी तेच म्हणते: "गाडी जाऊ द्या, मंग रस्ता पार करजा." शाळेच्या लेकरांकडून मी ते म्हणवून घेते. आता मी तोंड उघडायच्या आधीच ती ओरडतात, आणि खरंच कडेला रांगेत उभी राहतात. लहान लेकरू एकटं असेल तर मी खाली उतरून त्याला पलीकडे सोडते. त्यावरून एकदा गाडीतल्या माणसाने तक्रार केली होती. मी अजूनही सोडते.

गावात गाडी वळवायला मागे घेताना खाली उतरा आणि शिट्टी वाजवा. आरशाच्या भरवशावर राहू नका. मागे खेळणारी लेकरं आरशाच्या उंचीत येत नाहीत.

रात्रीच्या मुक्कामी गाडीसाठी स्वतःची टॉर्च ठेवा. फाट्यावर दिवा नसतो, खाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. मी टॉर्च उतरणाऱ्याच्या तोंडावर नाही, पायाखाली धरते. एकटी मुलगी उतरली तर तिला घ्यायला कोण आलंय ते विचारते. कोणी दिसत नसेल तर फोन करायला सांगते, आणि पांदणीच्या तोंडाशी भावाचा किंवा बापाचा बॅटरीचा उजेड दिसेपर्यंत आम्ही उभे असतो. ड्रायव्हरभाऊ तेवढ्यात तंबाखू मळून घेतात. मग मी बेल देते.