केमो चालू असताना चार दिवस कोकणात जायचंय? मग आधी हे बघा

केमो चालू आहे म्हणजे सहा महिने घरातच पडून राहायचं असं काही नाही, डॉक्टर हो म्हणत असतील तर दोन केमोच्या मधे छान हवापालट होतो, आईच्या वेळी आम्ही गुहागरला गेलो होतो म्हणून लिहितेय. फक्त एरवीसारखं शनिवार-रविवार बघून तारीख ठरवायची नाही, इथे तारीख रक्ताचा रिपोर्ट ठरवतो.

बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी असतात. औषध चढल्यावर पहिले काही दिवस मळमळ, थकवा, तोंडाला चव नाही, आणि मग साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. घोळ असा की नेमकं याच वेळी पेशंटला जरा बरं वाटायला लागलेलं असतं आणि घरातले म्हणतात चला, आता निघूया! नको. तिसरा आठवडा धरा. निघायच्या एक-दोन दिवस आधी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करा, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आलेत ते डॉक्टरांना पाठवा, त्यांनी हो म्हटलं की मगच बॅग भरा. केमो दर आठवड्याला असेल तर हा हिशोब लागू होत नाही, तिथे डॉक्टर म्हणतील तसं. आणि बुकिंग पैसे परत मिळणारंच करा, काउंट, म्हणजे या पेशींचे आकडे, कमी आले तर केमोही पुढे जाते आणि ट्रिपही.

जागा ठरवताना समुद्र किती जवळ याच्या आधी हॉस्पिटल किती लांब ते बघा. आम्ही गुहागर धरलं कारण चिपळूण हाताशी आहे, आणि त्याच तालुक्यात डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे. होमस्टेवाल्या काकूंना फोनवरच विचारलं की रात्री अपरात्री गाडी मिळेल का, संडास कमोडचा आहे का, जिने किती. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर अंगारकी आणि सुट्ट्यांची गर्दी टाळा, दर्शन नंतरही होईल.

प्रवास शक्यतो ट्रेनने करा, मुंबई-गोवा हायवेबद्दल तर बोलायलाच नको. मांडवी एक्स्प्रेस चिपळूणला थांबते, टॉयलेट जवळ असतं, उठून फिरता येतं. आणि ते फिरणं महत्त्वाचं आहे, कॅन्सर आणि केमोमुळे पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो म्हणून तासाभराने उठून डब्यात एक फेरी मारायचीच. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर वाट बघू नका. हो, रेल्वेची कॅन्सर पेशंटची सवलत उपचाराला किंवा तपासणीला जाताना मिळते, फिरायला जाताना नाही.

सामानात सगळ्यात वर थर्मामीटर. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप दिसला की लगेच डॉक्टरांना फोन आणि जवळचं हॉस्पिटल, आपल्या मनाने क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही, काउंट कमी असताना ताप म्हणजे इमर्जन्सी असते आणि अँटिबायोटिक लवकर सुरू व्हायला लागतात. शेवटचं डिस्चार्ज कार्ड, केमोच्या औषधांची नावं आणि तारखा, ताजा सीबीसी, हे सगळं कागदावर पण आणि मोबाईलमधे पण, कारण तिथल्या ड्युटी डॉक्टरला पहिले हेच लागतं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन सोबत असेल तर ते २ ते ८ डिग्रीत राहायला हवं, आइसपॅकच्या पाऊचमधे ठेवा पण बर्फाला चिकटवून नको, गोठलं तर गेलं.

खाणं सोपं आहे, समोर शिजलेलं आणि वाफाळतं ते चालतं. गरम भात आणि माशाचं कालवण आईला घरच्या जेवणापेक्षा जास्त गेलं. तोंड आलं असेल तर तिखट बेताचं सांगायचं. नारळाचं कच्चं दूध घातलेली सोलकढी, उसाचा रस, गोळा, चिरून ठेवलेली फळं, कोशिंबीर हे सोडा, केळं आपल्या हाताने सोलून खा. प्रत्येक गावात एक काका प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस घेऊन येतातच, त्यांना हसून नाही म्हणायचं.

समुद्रावर संध्याकाळी, चपला घालून, टोपी आणि सनस्क्रीन लावून. काही औषधांनी कातडी उन्हाला लगेच भाजते आणि कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या चालू असतील तर तळपाय आधीच हुळहुळे झालेले असतात, तापलेली वाळू सहन होत नाही. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध घेणाऱ्यांना गारवा बाधतो, बोटांना आणि घशात झिणझिण्या येतात, म्हणून एसी डब्यात मोजे आणि शाल हवी, फ्रिजचं पाणी नको. हातात पिक लाईन (औषध द्यायला शिरेत घालून ठेवलेली नळी) असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पोर्ट (त्यासाठीच कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर डॉक्टरांना विचारा. मच्छरदाणी आणि ओडोमॉस विसरू नका, या दिवसात डेंग्यू परवडणारा नाही.

परत येताना पुढच्या केमोच्या आधी दोन दिवस तरी घरी हातात ठेवा, पेशंटला झोप काढायला आणि पुढचा सीबीसी करायला.