गाडीतली सुरक्षा खरोखर कामाला कशी लावावी

नवी गाडी घेताना शोरूममध्ये एअरबॅग किती आणि धडक-चाचणीत स्टार किती हे आता आवर्जून विचारलं जातं. डिलिव्हरी झाली की तीच गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते आणि जाडजूड सीट कव्हर, पुढे स्टीलचा गार्ड, बेल्ट न लावल्याचा इशारा देणारा आवाज बंद करणारी क्लिप असं सगळं लेवून बाहेर येते. वरचं मॉडेल घेऊन विकत आणलेली सुरक्षा आपण दोन-चार हजारांत निकामी करून घरी नेतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण त्या वर्षी दगावले. त्यांतले ८,३३१, म्हणजे जवळपास निम्मे, गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते. म्हणून सुरुवात स्टिअरिंगपासून न करता मागच्या सीटपासून करू.

१. मागचे बेल्ट शोधून बाहेर काढा

बहुतेक घरच्या गाड्यांत मागच्या बेल्टची बकलं सीटच्या फटीत गेलेली असतात, किंवा कव्हर चढवताना खाली दाबली जातात. हात घालून ती वर काढा. कव्हरला भोक नसेल तर कात्रीने पाडा, कव्हर खराब झालं तरी चालेल. मग प्रत्येक बेल्ट पूर्ण ओढून बघा, झटका द्या. झटक्याला तो जागीच अडकला पाहिजे. बकलात घातल्यावर ‘टक्’ आवाज येतो का आणि लाल बटण दाबल्यावर लगेच सुटतो का, तेही तपासा. मधल्या सीटचा बेल्ट विसरू नका.

बेल्ट बसवायची पद्धत महत्त्वाची आहे. खालचा पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडावर, मांड्यांच्या वर टेकलेला हवा. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध. काखेखालून घेतलेला बेल्ट धडकेत बरगड्या मोडतो. गर्भवतीने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. पदर किंवा ओढणी पट्ट्याखाली गोळा झाली असेल तर सारखी करून मगच बकल लावावं.

ताशी ५० किमी वेगाने गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. त्या क्षणी मागे बेल्टविना बसलेला माणूस पुढच्या सीटवर फेकला जातो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव घेऊ शकतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता. गाडी मर्सिडीज होती, एअरबॅग भरपूर होत्या.

घरात यावरून हमखास वाद होतो. आजी म्हणतात, “मला मेलीला गुदमरतं त्यात.” त्यांना निघायच्या आदल्या दिवशी अंगणात उभ्या गाडीत बसवा, खांद्याजवळची बेल्टची उंची कमी-जास्त होत असेल तर ती जमवा, पाठीशी उशी असेल तर काढा. गळ्याला घासणारा पट्टा नीट बसला की निम्मी तक्रार संपते. उरलेल्या निम्म्यासाठी “आजी, तुमचा बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही” एवढं बोलावं आणि खरोखर हलवू नये.

बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप असेल तर आजच काढून टाका.

२. एअरबॅगची वाट मोकळी करा

एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि जोरदार धक्का देऊनच फुगते. बेल्ट लावलेलं शरीर योग्य जागी असेल हे धरूनच ती बनवलेली असते. बेल्टविना पुढे झुकलेल्या माणसाला तिचाच मार बसतो.

डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला झाकणासारखी रेघ दिसते, तिच्याखाली पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असते. तिथे काहीही चिकटवू नका. मोबाइल स्टँड नको, अत्तराची बाटली नको. गणपतीची मूर्तीही तिथून मधल्या भागात हलवा, आणि तिथेही छोटी आणि हलकी ठेवा. एअरबॅग उघडली की त्या झाकणावरची वस्तू थेट चेहऱ्यावर येते. डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची सवय तर फार वाईट. एअरबॅग उघडली तर गुडघे तोंडावर आणि मांडीचं हाड तुटलेलं, असा प्रकार होतो.

सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवलेली असेल तर बाजूची एअरबॅग तिथून बाहेर येते. साधं कव्हर तिला अडवतं. कव्हर हवंच असेल तर त्या बाजूची शिवण उसवेल असं, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलंच घ्या.

पुढचा स्टीलचा गार्ड काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिले आहेत. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धडकेचा जोर स्वतःत जिरवतो. गार्ड तो जोर थेट चासीत नेतो, सेन्सरला धडक नीट कळत नाही आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला लोखंडाचा मार बसतो.

आता इग्निशन चालू करा आणि मीटरकडे बघा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर जास्त काळजी करा. जुनी गाडी घेताना हे नक्की बघावं, कारण अपघातात उडालेल्या एअरबॅगऐवजी नुसतं झाकण बसवून दिवा काढून टाकलेल्या गाड्याही विकल्या जातात.

३. मुलांना मांडीवर घेऊ नका

आईच्या हातांवर विश्वास असतो, पण धडकेच्या क्षणी दहा किलोचं बाळ दोनशे किलोहून जड होतं. कोणाचेही हात ते धरू शकत नाहीत. बाळासाठी मागे तोंड करून बसायची सीट घ्या आणि ती मागच्या सीटवरच बसवा. चालू एअरबॅगसमोर ती कधीच ठेवू नका. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक असतील तर तशीच सीट घ्या, म्हणजे बसवताना चूक होत नाही. मोठ्या बेल्टचा पट्टा मानेऐवजी खांद्यावर येईपर्यंत मुलांना बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, लागतो. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभं राहायचा हट्ट पुरवू नका.

४. टायर सकाळी, थंड असताना तपासा

७०१ किमीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किमीची मर्यादा आहे. काँक्रीटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन आणि तासन्‌तास तोच वेग: टायरची परीक्षा इथे होते.

“उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा, गरम होऊन वाढते” हा सल्ला पंपावर अजूनही मिळतो. तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीला जास्त दुमडतात, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. गरम झाल्यावर दाब थोडा वाढणार हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर तोच भरा, आणि गाडी चालायच्या आधी भरा. लांब पल्ल्यात मध्येच वाढलेला दाब बघून हवा काढू नका. स्टेपनीही तपासा.

मग टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं, तज्ज्ञाला दाखवा. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजलं असेल, म्हणजे खोली १.६ मिमीवर आली असेल, तर टायर संपला. बाजूला फुगवटा किंवा चीर दिसली तर त्या टायरवर हायवेला जाऊच नका.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरू द्या आणि मग डावीकडे घ्या.

५. एबीएसचा थरकाप एकदा पायाला कळू द्या

एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण ते चालू झाल्यावर कसं वाटतं हे अनेकांना माहीत नसतं. पेडल पायाखाली थरथरतं, खालून कटकट आवाज येतो, आणि काहीतरी मोडलं असं वाटून पाय उचलला जातो. नेमक्या त्याच वेळी पाय उचलायचा नसतो. मोकळं मैदान गाठा, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करा, ताशी ४० ला या आणि पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून धरा. दाबलेलं असतानाच स्टिअरिंग थोडं वळवून बघा, गाडी वळते. चाकं अडकून घसरत न जाता अडथळा चुकवता यावा, यासाठीच ही यंत्रणा असते.

अंतर मात्र तिच्याने फारसं कमी होत नाही. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० ला गाडी थांबायला सुमारे ७० मीटर लागतात, १०० ला सुमारे ९५ ते १०० आणि १२० ला १३० च्या आसपास. ओल्या रस्त्यावर याहून बरंच जास्त. ताशी १०० ला मोबाइलवर दोन सेकंद नजर गेली की गाडी ५५ मीटर न बघता गेलेली असते. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडल्यापासून तुम्ही तिथे पोचायला किमान तीन सेकंद लागले पाहिजेत, पावसात चार-पाच.

६. झोपेचं वेळापत्रक आधी ठरवा

रात्री दोन ते पहाटे पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास ही डुलकीची वेळ. सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळे उघडे असतानाही मेंदू सुस्तावतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही. गेले काही किलोमीटर आठवत नसतील किंवा गाडी पट्ट्यावर सरकत असेल तर पुढच्या सुविधा केंद्रावर थांबा, चहा-कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. उठेपर्यंत कॉफीचा परिणाम सुरू होतो. दोन तासांनी थांबायचंच, आणि ऑफिस करून रात्री निघायचं नाही.

७. घाट गिअरवर उतरवा

खंडाळा असो, कसारा असो वा आंबा, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं.

८. थांबावं लागलं तर

लेनमध्ये थांबू नका. जमेल तेवढं डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, डाव्या दारातून सगळ्यांना उतरवून रेलिंगपलीकडे न्या. गाडीत बसून किंवा गाडीमागे उभं राहून मदतीची वाट बघणं सर्वांत धोक्याचं. लाल त्रिकोण डिकीत सामानाखाली दाबलेला असतो. तो निघण्याआधीच वर काढून ठेवा आणि हायवेला किमान शंभर पावलं मागे लावा, जाताना रेलिंगच्या बाहेरून जा.

फोनमध्ये हे क्रमांक सेव्ह करा: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. दुसऱ्याचा अपघात दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ ए नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. पोलीस किंवा हॉस्पिटल तुमच्यावर नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला ठरावीक हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. ॲडमिट करताना पैशांवरून अडलं तर काउंटरवर ही योजना स्वतःहून सांगा.