पान एक, घोडे तीस

कोल्हापुरात बसून घोड्यांवर लिहून पोट भरतं का, असं महिन्यातून एखादा तरी विचारतोच. भरतं. पण पहिली दोन वर्षं माझं भरलं नाही, आणि घोड्यांच्या धंद्यातला तो गाढवपणा सगळा माझाच होता.

लिहिता येतं, घोड्याच्या मागून जायचं नाही एवढं कळतं, हे धरून चालतो. थेट माझ्या खड्ड्याकडे येतो.

पहिलं मोठं काम एका स्टड फार्मचं, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्यांचं. घोडी विकायला काढली होती. मालक म्हणाले, "हिच्या घराण्यावर एक पान लिहून दे. चार पिढ्या घे." मी पानाचे ८०० सांगितले, ते लगेच 'हो' म्हणाले. तिथंच शंका यायला हवी होती. आता हिशेब करा. आईबाप २, त्यांचे आईबाप ४, मग ८, मग १६. झाले ३०. घोडी थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, त्यामुळं वंशाची नोंद इंडियन स्टड बुकात असते, नावं सापडतात. पण नुसत्या नावांना कोण विचारतो? आईकडच्या प्रत्येक घोडीला शिंगरं किती झाली, त्यातली पळाली किती, जिंकली किती, जिंकली ती शर्यत कुठल्या दर्जाची, गिऱ्हाईक ते वाचतं. अकरा दिवस राजारामपुरीतल्या खोलीत वही आणि लॅपटॉप घेऊन बसलो. पान एकच झालं. बिल ८००. वर फोन आला, "आता हिच्या बहिणीचंही जरा बघून सांग की." त्या 'जरा'त माझे आणखी चार दिवस गेले, त्याचा तर एक रुपया नाही.

म्हणजे मी लिहिण्याचे पैसे घेतले आणि शोधण्याचे सोडून दिले. या धंद्यात लिहिणं दोन तासांचं असतं, बाकी सगळं शोधणं. म्हणून दरपत्रकात दोन ओळी वेगळ्या हव्यात: शोधाचे तास आणि लेखन. प्रश्न आधी लिहून घ्यायचा. किती पिढ्या, आईकडच्या की दोन्हीकडच्या, शर्यती इथल्याच की परदेशातल्याही. निम्मे पैसे आगाऊ. आणि काहीच सापडलं नाही तरी तासांचे पैसे लागतील, हे तोंडावर सांगायचं. सांगताना जीभ अडखळते, माहीत आहे. माझी अजून अडखळते. तरी सांगा.

त्याच पानात आणखी एक घाण करून ठेवली होती. एकाच नराची दोन शिंगरं म्हणून त्यांना 'सावत्र भाऊ' लिहिलं. मालक हसले, आणि ते हसणं मला अजून ऐकू येतं. थरोब्रेडवाले आई एक असेल तरच अर्धं नातं धरतात. नराची एका वर्षात डझनावारी पोरं होतात, घोडी अकरा महिने पोटात वागवते आणि साधारण एकच देते. उंचीचंही तसंच. १४.२ हात म्हणजे चौदा हात दोन इंच, एक हात चार इंचांचा, एकूण ५८ इंच. तो दशांश समजून गुणाकार केलात की इंचभर घोडा गायब.

गुरूंबद्दल माझं मत वाईट आहे. "फुकट लिही, नाव होईल" म्हणणारे एक ज्येष्ठ मला भेटले होते. त्यांचं नाव झालं. मला खरं शिकवलं एका नालबंदानं. गुडघ्यात खूर धरून, कानस चालवता चालवता तो सांगायचा, "हा कडेनं झिजलाय बघ, चाल तिरकी आहे. मालक सांगणार नाही." दोन चहांत जेवढं मिळालं तेवढं ऑनलाइन कोर्समध्ये नाही. मशीनकडून मजकूर काढून घेणाऱ्यांना तर हात जोडतो. नसलेला आजोबा तिथं सहज सापडतो, आणि घोडेवाल्याला आजोबा पाठ असतो.

बाजारातल्या घोड्यांवर लिहिताना जास्त सावध राहा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत वंश बहुतेक तोंडीच सांगतात. तिथं 'मालकाच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्द गाळू नका. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, डोळ्यांना दिसतो, तो लिहा. देवमण, म्हणजे गळ्यावरचा केसांचा भोवरा, शुभ आहे, हे तुमच्या नावावर लिहू नका.

पैशाचं वेळापत्रक घोड्यांचंच. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात, मुंबईच्या हिवाळ्यात, यात्रा मार्गशीर्षात. मे महिन्यात माझा फोन वाजत नाही, तेव्हा वाण्याची उधारी वाढते. त्यासाठी मोडी शिका. संस्थानकाळची मोडी दफ्तरं इथल्या पुराभिलेखागारात आहेत, आणि आपल्या घरात पागा होती म्हणणारी घराणी या गावात कमी नाहीत. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. बाकी कागदपत्रांत घाबरण्यासारखं काही नाही.

परवा एकाचा फोन आला. "घोडी चांगल्या घरातली आहे का, जरा बघून सांग की भावा."

"किती पिढ्या?"

तो गप्प. मग म्हणाला, "दोन बास."

दोन म्हणजे सहा नावं. मी दिवसाचा दर सांगितला. निम्मे पैसे संध्याकाळच्या आत आले.