मुलाचे कान मागे घ्यायचे असतील तर

मिरजेत प्लॅस्टिक सर्जनच्या ड्रेसिंग रूममध्ये मी नोकरीला आहे. बाहेर आलेले कान मागं घ्यायचं ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टर सांगतीलच. पट्टीखाली पुढं काय होतं ते मात्र रोज माझ्यासमोर उघडतं. माझं स्पष्ट मत असं, की या ऑपरेशनचा निम्मा निकाल टेबलावर लागतो आणि निम्मा घरी. म्हणून हे आईवडिलांसाठी लिहितेय.

आधी एक नक्की करा: कान कुणाला खुपतायत? पोराला, की तुम्हाला? वर्गात ‘सुपकान्या’ म्हणून चिडवतात म्हणून पोरगं स्वतः विचारत असेल, तर वेळ आलीय. पाच-सहा वर्षांच्या वयात कानाची वाढ जवळपास पुरी झालेली असते, म्हणून साधारण त्या वयानंतरच हे करतात. पण ज्याला स्वतःच्या कानांचं काही वाटतच नाही, त्याला आत्याच्या नाहीतर मावशीच्या बोलण्यावरून टेबलावर घेऊ नका. असं पोरगं दुसऱ्या रात्रीच पट्टी ओढून काढतं. आणि कान बाहेर आलेले असले म्हणून ऐकू कमी येत नाही; तशी भीती असेल तर ती डोक्यातून काढून टाका.

मग घरीच जरा बघा. पोराला खिडकीजवळ उजेडात बसवा आणि कानाच्या कडेपासून डोक्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. साधारण दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर कान चारचौघांसारखेच म्हणायचे. जास्त असेल तर कानाची वरची कड बोटानं हळूच मागं दाबा. बाहेरच्या कडेच्या आत आणखी एक घडी असते. काहींच्यात ती पडलेलीच नसते. दाबलं की ती उमटते आणि कान जागेवर बसतो. काहींच्यात घडी नीट असते, पण कानाची वाटीच, म्हणजे भोकाभोवतीचा खळगाच, खोल असते. काहींच्यात दोन्ही. डॉक्टर कानामागून छेद घेऊन कूर्चेत, म्हणजे कानाच्या मऊ हाडात, आतून टाके घालतात, ते याच हिशेबानं. कागदावर ‘मुस्टार्डे’ किंवा ‘फर्नास’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. 1963 आणि 1968 साली हे टाके मांडणाऱ्या सर्जनांची ती नावं. आधीचे घडी पाडायला, नंतरचे वाटी मागं बांधायला. बहुतेक वेळा हे आतले टाके कायमचे असतात, काढायचे नसतात.

बाळ नुकतंच जन्मलेलं असेल तर गोष्टच वेगळी. पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा मऊ असते आणि डॉक्टरांनी बसवलेल्या साच्यानं कान बिनऑपरेशनचा वळतो. घट्ट टोपडं बांधणं म्हणजे तो साचा नव्हे. आणि सहा वर्षांच्या पोराचे कान रात्री चिकटपट्टीनं दाबून काहीही होत नाही, फक्त कातडी सोलवटते.

डॉक्टर निवडताना डिग्री बघा, प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. काही कान-नाक-घशाचे सर्जनही हे करतात. त्यांना असे कान किती केले ते सरळ विचारा, राग मानणारा डॉक्टर नकोच. फोटो मागाल तर ऑपरेशननंतरच्या आठवड्याचे नकोत, सहा महिन्यांनंतरचे मागा. दोन्ही कान तंतोतंत सारखे करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, तसे ते जन्मतःही कुणाचे नसतात. घरात कुणाला कान टोचल्यावर गाठ आली असेल, जुना व्रण फुगला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. खर्चाचा अंदाज भूल, खोली, ड्रेसिंग धरून लिहून घ्या. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा सहसा पैसे देत नाही.

वेळ कुठली धरावी? सगळे मे महिना म्हणतात, शाळेला सुट्टी म्हणून. सांगलीच्या उन्हाळ्यात डोक्याभोवती पट्टी म्हणजे घाम, खाज आणि पोराची चिडचिड. मी दिवाळीची सुट्टी सुचवते. तासगावकडचे लोक हसतात, कारण तेव्हा ते द्राक्षांच्या छाटणीत गुंतलेले असतात. मग आजी-काकूपैकी कुणीतरी मोकळं ठेवा. आणि पोरगं तालमीत जात असेल तर आधी वस्तादांशी बोला. कुस्ती काही महिने बंद ठेवायची तयारी नसेल तर ऑपरेशन पुढं ढकला, कारण एका पकडीत आतले टाके तुटू शकतात.

ऑपरेशनच्या दिवशी पुढून बटणाचा शर्ट घाला. डोक्यातून ओढायचा टी-शर्ट घालून येतात आणि परत जाताना पंचाईत होते. आदल्या दिवशी न्हायला घाला, डूल काढून ठेवा, किती वाजल्यापासून उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञांनाच विचारा. लहान पोरांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचं जागा बधिर करून भागतं. तास-दोन तासांचं काम.

आता खरा मुद्दा, पहिले दोन दिवस. जत, आटपाडीकडचे असाल तर लगेच एसटीत बसू नका. दोन रात्री मिरज-सांगलीत पाहुण्यांकडे राहा. दुखणं दोन्हीकडे सारखं असेल आणि गोळीनं कमी होत असेल तर ठीक. पण एकाच कानात ठणका वाढत चालला, गोळीला दाद देईना, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करा. अशी पट्टी सोडली की कधी कधी कानाच्या पुढच्या खळग्यात निळसर, तुकतुकीत फुगवटा दिसतो. कातडी आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साठलेलं असतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, तिचं पोषण वरच्या आवरणातून; मध्ये रक्त साठलं की ती उपाशी पडते, मग आवळून गोळा होते. पैलवानांचे कान होतात ते असेच. वेळेत आलात तर डॉक्टर रक्त काढून टाकतात आणि कान वाचतो. “सकाळपर्यंत बघू” म्हणून दुसरी गोळी देऊ नका.

डोक्याची पट्टी साधारण आठवडाभरात निघते. कान सुजलेले, जांभळे, जरा जास्तच मागं गेलेले दिसतील. आईला रडू येतं, येऊ द्या. पुढं महिना-दीड महिना झोपताना रुंद इलॅस्टिकचा हेडबँड बांधायचा, त्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. कुशीवर झोपणारं पोरगं असेल तर दोन्ही बाजूंना लोड लावा. चष्मा असेल तर काड्या टाक्यांवर घासू देऊ नका. कान काही महिने बधिर राहतो, गरम-गार पटकन कळत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी तुम्हीच बघा. आणि हळद लावायची नाही. “आवं सिस्टर, सांगलीत ऱ्हाऊन हळदीला न्हाई म्हनताय व्हय?” असं एक आजी मला म्हणाल्या होत्या. हळद दुधात द्या की. जखमेवर फक्त डॉक्टरांनी दिलेलं मलम.

टाके बघायला आलेल्या आया शेवटी दारात थांबून पदराआडून स्वतःच्या कानाची ओघळलेली पाळी दाखवतात. जड झुब्यांनी भोक लांबत जातं, एक दिवस पाळी दुभंगते. जागा बधिर करून थोड्या वेळात ती जोडून देतात. पाळी जोडायच्या पंधरा रीती सुश्रुतांनीच सांगून ठेवल्यात, तेव्हा लाजायचं काय त्यात! फक्त पुन्हा टोचायची घाई नको. दोन-तीन महिने जाऊ द्या, व्रणावर न टोचता त्याच्या बाजूला टोचा, आणि झुबे घालाल तर वरून सोन्याच्या वेलीचा आधार द्या.