सामूहिक वनहक्काची तक्रार जिनिव्हाला पाठवायची तर

ऐन मोहाच्या हंगामात अवकाळी पाऊस आला आणि फूल काळं पडलं, एवढ्यावर आंतरराष्ट्रीय कायदा हलत नाही. सरकारने काय केलं किंवा काय करायचं टाळलं, ते दाखवावं लागतं. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांची ऑस्ट्रेलियाविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२२ मध्ये मान्य केली, ती याच मुद्द्यावर. समुद्र चढत असताना संरक्षणाची कामं वेळेत झाली नाहीत, म्हणून नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या कलम १७ (खासगी जीवन, कुटुंब आणि घर) आणि कलम २७ (अल्पसंख्याकांची संस्कृती) यांचा भंग झाला, असं समितीने ठरवलं.

तो रस्ता आपल्याला बंद आहे. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारीचा पूरक करार स्वीकारलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) आदिवासींविषयीचा करार १६९ सुद्धा नाही. उघडा आहे तो आदिवासी हक्कांसाठीच्या विशेष प्रतिवेदकाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचा दरवाजा. जिनिव्हाला तक्रार पाठवायची ती त्याच्याकडे. तिथे कराराच्या मंजुरीची अट नाही, आधी देशातली सगळी कोर्टं पालथी घालायचीही नाहीत.

तरी सुरुवात गावातूनच. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगलावर मागायच्या हक्काचा दावा दाखल केला असेल तर दाव्याची प्रत, उपविभागीय समितीची पोच आणि आवक क्रमांक काढून ठेवा. दावा केलाच नसेल तर आधी तो करा. मग ग्रामसभेचा ठराव. निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. सह्या-अंगठ्यांचं पान ठरावालाच जोडलेलं असू द्या. ते सुटं राहिलं की पुढे ‘सह्या नंतर घेतल्या’ हा आक्षेप ठरलेला.

नुकसान लिहिताना ‘उपजीविका उद्ध्वस्त झाली’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी वनखात्याच्या कोणत्या कक्ष क्रमांकातली किती झाडं, कोणत्या तारखेला पाऊस, किती घरांनी किती किलो मोह वेचला आणि गेल्या तीन हंगामांत किती, हे लिहा. तेंदूचेही पुडके असेच मोजा. त्याखाली पंचनाम्याची मागणी कधी केली, काय उत्तर आलं, दावा किती दिवस पडून आहे. खरी तक्रार हीच, हवामान ही पार्श्वभूमी.

तक्रार इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये ऑनलाइन अर्जातून जाते. घटना तारीखवार मांडा. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं जोडलेली तक्रार टिकत नाही, शिवीगाळीची तर अजिबात नाही. ‘इंडिजिनस’ या शब्दापाशी जपून. स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूलनिवासी, अशी सरकारची भूमिका आहे. म्हणून त्याच्या शेजारी ‘अनुसूचित जमाती’ही लिहा, म्हणजे उत्तर शब्दावरून फिरवता येत नाही. भारताने २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं होतं, तेही नोंदवा.

बाधितांना नीट समजावून सांगा आणि मगच त्यांची संमती घ्या. पाठवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, बाधितांची नावं मात्र प्रतिवेदकाकडून सरकारला जाणाऱ्या पत्रात सहसा असतात. कोणाला धोका असेल तर अर्जातच तसं सांगा.

प्रतिवेदकाने तक्रार उचललीच पाहिजे असं नाही. उचलली तर सरकारला उत्तरासाठी साधारण ६० दिवस मिळतात, त्यानंतर प्रतिवेदकाचं हे पत्र जाहीर होतं. ते बंधनकारक नसतं. छापून घ्या, दावा जिथे अडला असेल त्या समितीला अर्जासोबत द्या आणि प्रत्येक वेळी पोच मागा.